डेव्हिएशन नोटवर सही कोण करतं

भाच्याला एमबीएच्या कॉलेजात असाइनमेंट मिळाली, विषय काय तर संस्था अनैतिक का वागतात. पठ्ठ्याने आधीच लिहून आणलेलं, लोभ, नेतृत्वाचं अपयश, मूल्यांचा ऱ्हास असे पाच मुद्दे, प्रत्येकाखाली तीन तीन ओळी. मला म्हणाला, मामा तू एवढी वर्षं कंपन्या फिरतोयस, एखादं उदाहरण दे ना टाकायला. मी द्यायला बसलो आणि गंमत अशी की जी जी उदाहरणं डोक्यात आली त्यातलं एकही त्या पाच मुद्द्यांत धड बसेना. त्याने शेवटी काय सबमिट केलं माहीत नाही, पण माझं डोकं मात्र तिथेच अडकलं.

माझं काम व्हेंडर ऑडिटचं, म्हणजे मोठ्या कंपन्यांना पार्ट पुरवणाऱ्यांची तपासणी. नाशिकचं सातपूर, अंबड, सिन्नरकडे माळेगाव मुसळगाव, इकडे गोंदे, जिथे जिथे गाड्यांचे पार्ट बनतात तिथे जाऊन फाइली बघायच्या, लाइनवर उभं राहायचं, पार्ट उचलून व्हर्नियरने माप घ्यायचं. एवढ्या वर्षांत सरळ सरळ हरामखोर म्हणावी अशी माणसं मला फार थोडी भेटली. बाकी सगळी तुमच्या आमच्यासारखी, सोमवारी कपालेश्वराला जाऊन येणारी, पोरांच्या फीच्या टेन्शनमध्ये असणारी, रस्त्यात पाकीट सापडलं तर मालकाला शोधून परत देणारी. आणि हीच माणसं कंपनीच्या टेबलावर बसून न मोजलेल्या पार्टचं माप रिपोर्टमध्ये भरतात, तेही हात न थरथरता. तेव्हा माणूस वाईट म्हणून कंपनी वाईट हे उत्तर मला तरी पटत नाही. मग काय होतं?

मला विचाराल तर सगळं सुरू होतं ते परवानगीपासून. नियम मोडण्यापासून नाही.

हे जरा सविस्तर सांगतो कारण एमआयडीसीच्या बाहेरच्या माणसाला डेव्हिएशन नोट म्हणजे काय ते माहीत नसणार. समजा ड्रॉइंगमध्ये लिहिलंय भोक १२ मिलिमीटर, वर जास्तीत जास्त ०.०५ चालेल. आता डाय, म्हणजे पार्टचा साचा, झिजली किंवा टूल हललं आणि पूर्ण लॉट १२.०७ ने आला. पाचशे नग पडलेत, कस्टमरची लाइन उद्या सकाळी थांबणार, लाइन थांबली की मिनिटाच्या हिशोबाने डेबिट नोट येते, म्हणजे आपल्या बिलातून पैसे कापतात. मग एक कागद निघतो, त्यावर लिहायचं की एवढे पाचशे नग, एवढ्या तारखेपर्यंत, असेंब्लीला बसवून बघितले, फिटमेंटला अडचण नाही, कृपया स्वीकारावेत. खाली क्वालिटीची सही, प्रॉडक्शनची सही, कस्टमरच्या माणसाची सही. ह्यात बेकायदेशीर काही नाही बरं का, उलट मी म्हणेन की पद्धत चांगली आहे, कारण हा कागद नसता तर माल गुपचूप मिसळून गेला असता आणि कोणाला कळलंही नसतं. पहिल्या वेळेला लोक खरंच मोजतात, खरंच बसवून बघतात, डिझाइनवाल्याला फोन करतात.

दुसऱ्यांदा तोच कागद येतो तेव्हा बसवून बघत नाहीत. गेल्या वेळेला काही झालं नव्हतं ना, मग झालं. तिसऱ्यांदा जुन्या नोटची झेरॉक्स काढून फक्त तारीख बदलतात. सहा महिन्यांनी डाय दुरुस्तीचा खर्च मीटिंगमध्ये निघतो तेव्हा मालक म्हणतो, कशाला, फील्डमधून, गाडी वापरणाऱ्यांकडून, एक तरी कम्प्लेंट आलीय का? नाही आली. म्हणजे आता कम्प्लेंट न येणं हाच पुरावा झाला. आणखी वर्षभराने नवीन ट्रेनी पोरगा लाइनवर येतो, त्याला ऑपरेटर शिकवतो की भोक बारा-झिरो-सात आलं की ओके समज, आणि त्याच्या दृष्टीने तेच माप, तोच नियम, ड्रॉइंग कुठल्या कपाटात आहे ते त्याला माहीतही नाही. सगळ्यात कमाल म्हणजे ह्या अख्ख्या प्रवासात एकाही माणसाला आपण खोटं बोललो असं वाटलेलं नाही. प्रत्येक पायरीवर सही आहे, तारीख आहे, शिक्का आहे. माझ्यासारख्या ऑडिटरने फाइल उघडली तर फाइल एकदम क्लीन.

आता नासाची गोष्ट सांगतो. चॅलेंजर यान २८ जानेवारी १९८६ ला उडालं आणि ७३ सेकंदांत फुटलं, सात जण गेले. कारण सगळ्यांना माहितीये, रॉकेटच्या जोडावरची रबरी रिंग थंडीत कडक झाली आणि गरम वायू बाहेर आला. पण त्या रिंगा आधीच्या उड्डाणांतही जळालेल्या, झिजलेल्या सापडत होत्या. प्रत्येक वेळी त्याची नोंद झाली, चर्चा झाली आणि हा धोका चालण्यासारखा आहे असं ठरलं. १९८५ च्या मध्याला तर चक्क बंधन घातलं होतं की हा प्रश्न सुटेपर्यंत उड्डाण नको, आणि मग पुढच्या प्रत्येक उड्डाणाच्या वेळी ते बंधन त्या एका उड्डाणापुरतं रीतसर शिथिल केलं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अक्षरशः हसलो, म्हटलं ही तर आमची डेव्हिएशन नोट!

डायान वॉन नावाची एक समाजशास्त्रज्ञ बाई ह्या प्रकरणाच्या मागे कित्येक वर्षं लागली होती, १९९६ मध्ये तिचं संशोधन छापून आलं. सुरुवातीला तिलाही वाटलेलं की वरच्या साहेबांनी दबावाखाली नियम धाब्यावर बसवले असणार. कागद चाळत चाळत गेली तर उलटंच निघालं, लोकांनी नियम पाळले होते. फक्त काय चालतं आणि काय चालत नाही ही रेघच वर्षावर्षाला थोडी थोडी सरकत गेली होती आणि आत बसलेल्यांना ती सरकल्याचं दिसत नव्हतं.

उड्डाणाच्या आदल्या रात्रीचा किस्सा तर आमच्या लाइनच्या प्रत्येक माणसाने वाचायला हवा. रिंगा बनवणारी नव्हे, रॉकेट बनवणारी कंपनी, मॉर्टन थायोकॉल, म्हणजे नासाची व्हेंडरच की. तिचे इंजिनियर फोनवर सांगतायत की १२ डिग्री सेल्सियसच्या खाली उडवू नका, आणि सकाळचा अंदाज त्याच्या कितीतरी खाली. त्यांच्यातल्या रॉजर बॉइसजॉलीने तर सहा महिने आधीच लेखी कळवलं होतं की माणसं मरतील. कस्टमरकडून उत्तर काय, तर मग काय एप्रिलमध्ये उडवू का? झालं, व्हेंडरच्या मोठ्या साहेबाने आपल्याच इंजिनियरिंगच्या प्रमुखाला सांगितलं की इंजिनियरची टोपी काढ आणि मॅनेजमेंटची घाल. त्याने घातली. सही झाली. कस्टमर डोळे वटारतो तेव्हा व्हेंडर काय करतो हे मला कोणी शिकवायची गरज नाही, अंबडच्या कुठल्याही कॉन्फरन्स रूममध्ये बघायला मिळतं. २००३ मध्ये कोलंबिया यान कोसळलं, आपली कल्पना चावला त्यात होती, तेव्हा इंधनाच्या टाकीवरच्या फोमचे तुकडे उडून यानाला लागणं ही अशीच जुनी, सवयीची, काही होत नाही वाली गोष्ट झालेली होती. चौकशीवाल्यांनी लिहिलं की चॅलेंजरचा धडा शिकलाच गेला नाही.

बरं, मग सही का होते? भाच्याच्या यादीत लोभ पहिला होता. पण ज्या क्वालिटी इन्चार्जने सही केली त्याला काय मिळालं, काही नाही, पगार तेवढाच. त्याने सही केली कारण महिन्याची तीस तारीख होती. मंथएंड ही काय चीज आहे ते ज्याने डिस्पॅचमध्ये काढलंय त्यालाच ठाऊक, रात्री अकराला ट्रक गेटवर उभा, बिलिंग महिन्यात बसलं पाहिजे, शेठचा दर अर्ध्या तासाने फोन, किती गेला माल, किती गेला माल, आणि ह्या सगळ्यात तुम्ही म्हणायचं की थांबा मला नमुन्याचे ३२ नग मोजायचेत. कोणी तुम्हाला सांगत नाही की खोटं लिही. फक्त म्हणतात, बघ काहीतरी, मॅनेज कर. ह्या मॅनेज कर मध्ये सगळं येतं आणि सांगणारा नामानिराळा राहतो.

अमेरिकेत वेल्स फार्गो बँकेत हेच झालं, प्रत्येक गिऱ्हाइकाला आठ प्रॉडक्ट विका असं टार्गेट, शाखेतल्या साध्या पोरापोरींवर रोजचा दबाव, मग त्यांनी गिऱ्हाइकांना न विचारता लाखोंनी खाती उघडली. २०१६ मध्ये साडेअठरा कोटी डॉलरचा दंड झाला आणि तोपर्यंत बँकेने ५,३०० च्या आसपास लोकांना काढून टाकलं होतं. एवढे लोक एकाच वेळी स्वभावाने लबाड कसे निघाले, हा प्रश्न वरच्यांना पडायला काय हरकत होती. रॉबर्ट मर्टन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने तर १९३८ मध्येच लिहून ठेवलंय की समाज ध्येय सगळ्यांच्या डोळ्यासमोर नाचवतो आणि तिथे जायचा सरळ रस्ता मात्र देत नाही, तेव्हा माणसं आडवाटा शोधतात. परीक्षेला हे चालेल, भाच्याला सांगितलंय.

आता ऑडिटबद्दल, म्हणजे माझ्याच पोटापाण्याबद्दल. ऑडिटची तारीख आधी कळवावी लागते, मग आठवडाभर आधी फरशीवर पिवळे पट्टे रंगवले जातात, गेजवर, म्हणजे मापाच्या हत्यारांवर, कॅलिब्रेशन तपासल्याचे स्टिकर चिकटतात, हेल्मेट वाटली जातात आणि रेकॉर्डच्या रजिस्टरमध्ये तीन महिन्यांच्या नोंदी एका दुपारी एका पेनाने भरल्या जातात. एकच पेन, एकच अक्षर, नव्वद दिवस, आणि चहाचा एकही डाग नाही. असं रजिस्टर बघितलं की समजून जायचं, खरं रजिस्टर कधीच एवढं स्वच्छ नसतं. फोक्सवॅगनचं प्रकरण २०१५ च्या सप्टेंबरात बाहेर आलं तेव्हा सगळे किती चकित झालेले, गाडीतल्या सॉफ्टवेअरला कळायचं की आपली टेस्ट चाललीय आणि तेवढ्यापुरता धूर साफ सोडायचा, रस्त्यावर आली की काही गाड्या मर्यादेच्या चाळीस पट नायट्रोजन ऑक्साइड ओकायच्या. जगभरात एक कोटी दहा लाख गाड्या. आमच्या ग्रुपवर एकाने लिहिलेलं की त्यांनी एवढंच केलं, आपण ऑडिटच्या दिवशी माणसांकडून करून घेतो ते त्यांनी कॉम्प्युटरकडून करून घेतलं. विनोद म्हणून लिहिलेलं पण मला ते अगदी बरोबर वाटतं.

आणखी एक गोष्ट, जी पुस्तकांत कमी सापडते आणि आपल्याकडे ढिगाने सापडते. मोठ्या कंपनीला स्वतःचे हात घाण करायचेच नसतात. तिच्या गेटवर झाडं, आत चकाचक कँटीन, भिंतीवर पर्यावरण धोरण फ्रेम करून. पण पार्टला प्लेटिंग, म्हणजे धातूचा मुलामा, लागतं, प्लेटिंगमधून ॲसिडचं, झिंकचं, क्रोमचं पाणी निघतं, ते काम तिने कधीच बाहेर दिलंय. बाहेरच्याने अजून छोट्याला दिलंय, दोन गाळ्यांचं शेड, आठ माणसं, त्यातली सगळी ठेकेदाराची. आता मोठी कंपनी दरवर्षी म्हणणार रेट कमी करा. कच्चा माल महागला, वीज महागली, रेट मात्र खाली. छोट्याकडे कमी करण्यासारखं काय उरतं? सांडपाणी साफ करायचा प्लांट आहे, तो चालवायला वीज लागते, केमिकल लागतं, गाळ उचलून नेणाऱ्याला पैसे लागतात, आणि तो चालवून पार्ट एक पैशानेही चांगला बनत नाही. शेजारचा चालवत नाही म्हणून त्याचा रेट कमी आणि ऑर्डर त्याला. मग प्लांट ऑडिटपुरता चालू होतो. बाकी पहिला मोठा पाऊस पडला की नाल्यांचा रंग बघा, सातपूर अंबडमधून जी नंदिनी वाहते, जिला आपण नासर्डी म्हणतो, तिच्या काठचे लोक सांगतील. आणि तीच पुढे गोदावरीला मिळते, जिच्यात कुंभमेळ्याला जग येऊन डुबकी मारतं. ह्यात दोषी कोण ते शोधायला गेलात तर कागदोपत्री तो आठ माणसांचा शेडवालाच सापडेल. रेट ठरवणारा पर्चेसचा साहेब पुण्यात किंवा मुंबईत एसीत बसलाय, त्याने हा नाला जन्मात बघितलेला नाही आणि त्याला कॉस्ट सेव्हिंगचं बक्षीस मिळालंय. खरं सांगायचं तर माझा सगळ्यात जास्त राग ह्या माणसावर आहे, आणि तोही बिचारा वाईट नाहीये, हाच तर वैताग आहे.

गेटवरचा वॉचमन सुटी झाल्यावर कामगाराचा डबा उघडून बघतो, एखादं बेअरिंग तर नेत नाही ना. कंपनीची चोरी करणाऱ्यासाठी वॉचमन आहे, रजिस्टर आहे, पोलिस आहेत. पण कंपनीसाठी चोरी करणाऱ्याला कोण अडवणार? त्याला तर धडाडीचा माणूस म्हणतात, प्रमोशन देतात. दोन नंबरने काम करून घेणारा, परवानगी नसताना शेड उभी करून दाखवणारा, इन्स्पेक्टरला सांभाळणारा, प्रत्येक कंपनीत असा एकजण असतो आणि त्याच्याशिवाय मालकाचं पान हलत नाही. त्यातल्या बऱ्याच जणांना मनापासून वाटतं की आपण कंपनी वाचवतोय.

पीएमसी, म्हणजे पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचं आठवतंय ना, २०१९ च्या सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले, सुरुवातीला तर सहा महिन्यांत हजार रुपये काढायची मुभा होती, म्हातारी माणसं बँकेच्या दारात रडत होती. एकाच बिल्डर ग्रुपची थकलेली कर्जं लपवायला २१,०४९ खोटी खाती दाखवली होती. आणि बँकेच्या प्रमुखाने लपवण्याचं कारण काय दिलं तर बँकेचं नाव खराब होईल ही भीती. सत्यम कॉम्प्युटर्स ह्या आयटी कंपनीच्या रामलिंग राजूने ७ जानेवारी २००९ ला जे पत्र लिहिलं त्यात तर सगळं कसं झालं ते दिलंय, खरा नफा आणि दाखवलेला नफा ह्यात सुरुवातीला किरकोळ फरक होता, तो वर्षागणिक वाढत गेला, शेवटी रोख आणि बँक शिल्लक म्हणून दाखवलेले ५,०४० कोटी जागेवर नव्हतेच. वाघावर बसल्यासारखं झालं, उतरलो तर तो खाणार, असं त्याने लिहिलं. आता हे पत्र स्वतःची बाजू मांडायलाच लिहिलेलं, सगळं खरं मानायचं कारण नाही, पण किरकोळ फरकापासून सुरुवात हे मात्र मला खरं वाटतं. पाचशे नगांची पहिली डेव्हिएशन नोट अशीच किरकोळ असते.

नाशिकच्या माणसाने तेलगीला विसरून कसं चालेल. नाशिकरोडचा सिक्युरिटी प्रेस म्हणजे आपल्या गावाचा केवढा मान, स्टॅम्प, पासपोर्ट सगळं तिथे छापतात, नोटा शेजारच्याच करन्सी नोट प्रेसमध्ये, कोणाचा काका आजोबा तिथे कामाला असला की लग्नात सांगायचे. आणि तेलगीच्या खोट्या स्टॅम्प पेपरच्या छापखान्यात मशीनं कुठली, तर ह्याच प्रेसमधून भंगारात काढलेली. त्याचे पेपर घेणारे कोण, तर बँका, इन्शुरन्स कंपन्या, जिथे दहा दहा सह्यांशिवाय कागद पुढे सरकत नाही. तेलगी भामटा होता यात वाद नाही, पुढे त्याला तीस वर्षांची सक्तमजुरी झाली. पण एकटा भामटा एवढं करू शकत नाही, त्याला आपापल्या टेबलापुरतं बघणाऱ्या शेकडो माणसांची गरज लागते. काही विकले गेलेले होते, ते सोडा. बाकीच्यांनी आपला कागद बघितला, ठीक वाटला, पुढे ढकलला.

मग बोलत का नाही कोणी, असं भाच्याने विचारलं. मी त्याला मनमाडचं सांगितलं, तो तेव्हा लहान होता त्यामुळे त्याला माहीतच नव्हतं. २५ जानेवारी २०११, मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे मनमाडजवळ पानेवाडीला तेलाची भेसळ पकडायला गेले आणि तिथे त्यांना भरदिवसा पेटवून मारलं. रेशनचं रॉकेल स्वस्त, डिझेल पेट्रोल महाग, मधल्या फरकावर एक अख्खी जमात जगत होती. त्या रस्त्याने जाणाऱ्या येणाऱ्यांना टँकर कुठे थांबतात ते दिसत नव्हतं असं नाही, सगळ्यांना दिसत होतं आणि दिसून दिसून ते रस्त्याचाच भाग झालं होतं. एवढ्या मोठ्या हुद्द्याच्या माणसाचं हे झालं, मग ठेकेदाराकडच्या ऑपरेटरने तोंड उघडावं अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची. कंपन्यांत जाळत वगैरे कोणी नाही, तिथे शांतपणे शिफ्ट बदलतात, इन्क्रिमेंट लांबतं, टीम प्लेयर नाही असा शेरा बसतो. तेवढं पुरतं.

म्हणून मी हल्ली ऑडिटला गेलो की फाइलींच्या आधी एक प्रश्न विचारतो, तुमच्याकडे शेवटच्या वेळी लाइन कोणी थांबवली आणि तो माणूस आता कुठे आहे? बहुतेक ठिकाणी एकमेकांकडे बघतात. काही ठिकाणी सांगतात की आमच्याकडे थांबवायची वेळच येत नाही, तिथे मी जरा जास्त वेळ थांबतो.

सिन्नरच्या बाजूला एक छोटी कंपनी आहे, नाव देत नाही, मालकाला आवडणार नाही. शिकलेला दहावीपर्यंत, स्वतः लेथवर काम करून वर आलेला. त्याने आपल्या बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एक भानगड करून घेतलीय, डेव्हिएशन नोटची तारीख किंवा नग संपले की त्या पार्टचं इनव्हॉइसच प्रिंट होत नाही, आणि एकाच पार्टला एकाच कारणाची दुसरी नोट घालता येत नाही. पासवर्ड सॉफ्टवेअरवाल्याकडे, मालकाकडे पण नाही. मी म्हटलं, शेठ, मंथएंडला काय करता? म्हणाला पहिल्या दोन महिन्यांत डोक्याला हात लावायची वेळ आली, डिस्पॅचवाला शिव्या घालायचा, कस्टमरने डेबिट मारला, मी स्वतः रात्री साडेदहाला त्या सॉफ्टवेअरवाल्याला फोन करून ओरडलो की उघड ते, आणि त्याने फोन बंद करून ठेवला. मग तिसऱ्या महिन्यात डाय उघडली आणि पिन बदलली, दोन वर्षं लोंबकळत पडलेलं काम, टूलरूमला दीड दिवस लागला.